उठावाचा शिक्का

नोटरीचा शिक्का साधा, वर्तुळाकार आणि पाच सेंटिमीटर व्यासाचा असावा. त्यावर नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र आणि कडेनं ‘नोटरी’ हा शब्द असावा, एवढंच नियमात लिहिलं होतं. वकीलबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “हे तर अगदीच सोपं आहे.”

मोठ्यानं म्हणाल्या, इथेच चुकलं. कारण पलीकडच्या खोलीत त्यांचे मिस्टर बसले होते. मिस्टर पंपांच्या कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून घरातली कुठलीही सोपी गोष्ट त्यांच्या कानावर पडली की ती सोपी राहत नसे. मागे एकदा पडद्याची दांडी सोपी होती. ती अजून बसवायची आहे.

“दाब किती लागतो?” मिस्टर दारात येऊन म्हणाले.

“कसला दाब?”

“शिक्क्याला. उठावाचा घेणार ना? मग कागदाची जाडी, दांड्याची लांबी, सगळं बघावं लागेल. तू घाई करू नकोस.”

“उठावाचा म्हणजे?” सासूबाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीतून विचारलं.

“म्हणजे शाई नाही, आई,” वकीलबाई म्हणाल्या. “ कागदच दोन साच्यांमध्ये दाबायचा. अक्षरं वर उचलून येतात, बोट फिरवलं की हाताला लागतात.”

“अस्सं होय. मला वाटलं, आता या वयात कुणाविरुद्ध उठाव करतेस की काय.”

“तीही वेळ येईलसं दिसतंय,” मिस्टरांकडे बघत वकीलबाई म्हणाल्या.

घाई करू नकोस म्हणणं मिस्टरांना सोपं होतं. पण घाई होती, आणि ती वरच्या मजल्यावर राहत होती. तिथे चित्रकलेच्या बाई आणि त्यांचे यजमान, एका वाचनालयाचे ग्रंथपाल, असं जोडपं होतं. दोघंही इतकी हळू बोलणारी, की त्यांच्या घरात भांडण झालं तरी ते वाचून काढावं लागेल, असं सासूबाई म्हणत. त्यांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर संस्थेनं त्यांची एका चिमुरडीशी गाठ घालून दिली. पाच वर्षांची, पुढचा दात पडलेली. घराची पाहणी झाली, डॉक्टरांचे दाखले झाले. आता फक्त दोघांचं एक प्रतिज्ञापत्र उरलं होतं, आणि त्यावर नोटरीचा उठावाचाच शिक्का हवा होता. शाईचा त्या संस्थेला चालत नसे. पूर्वी कुणीतरी बटाटा कोरून त्यांना फसवलं होतं म्हणे.

समितीची बैठक महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होती. ती हुकली की पुढची थेट सुट्ट्यांनंतर. भागातले जुने नोटरी निवृत्त झाले होते. झाले म्हणून तर वकीलबाईंना ही जागा मिळाली. लांबचे दुसरे नोटरी होते, त्यांची हद्द पुलाच्या पलीकडेच संपत होती.

“तुम्ही निर्धास्त राहा,” वकीलबाईंनी चित्रकलेच्या बाईंना सांगितलं. “शुक्रवारच्या आत शिक्का होईल म्हणजे होईल.”

चित्रकलेच्या बाईंनी नुसती मान हलवली आणि जाता जाता उंबऱ्याला ठेचकाळल्या. त्या ठेचकाळण्यामुळेच वकीलबाईंनी मनाशी ठरवलं, की आता आभाळ कोसळलं तरी बेहत्तर.

शिक्का घ्यायचा म्हणजे दुकानात जायचं, असं एखाद्याला वाटेल. नाही. आधी जिन्यातून उतरावं लागतं, आणि जिन्यात सोसायटी असते.

पहिल्या वळणावर सेक्रेटरी भेटले. सोसायटीच्या रबरी शिक्क्याचे ते एकमेव मालक होते, त्यामुळे या विषयातले अधिकारी समजले जात. “मॅडम, उठावाच्या भानगडीत पडू नका,” ते म्हणाले. “रबरी घ्या. शाई सुकली की थुंकी लावली तरी चालतं.” पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मनगटाची काळजी वाहिली. दिवसभर दाबून दाबून सांधा धरेल, म्हणून शिक्का उभ्यानं दाबावा, कोपर सरळ ठेवून. आणि मग त्यांनी स्वतःच कठड्यावर कोपर सरळ ठेवून दाखवलं. तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचं म्हणणं पडलं, की मध्ये तराजू हवाच. तराजूशिवाय न्याय वाटत नाही.

“पण मी न्याय देत नाही हो,” वकीलबाई म्हणाल्या. “मी फक्त सही माझ्यासमोर झाली एवढं सांगते.”

“तेच ते,” शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. त्या गणित शिकवायच्या.

शिक्केवाल्यांचं दुकान एका लांबोळक्या बोळात होतं. आत नावाच्या पाट्या, पितळी बिल्ले, गाड्यांचे नंबर आणि या सगळ्यांच्या मध्ये शिक्केवाले, भिंगातून जगाकडे बघत. माणूस मोठा अदबशीर. त्यांनी काउंटरवर मखमली कापड पसरलं आणि एकामागून एक तीन यंत्रं मांडली, जणू दागिने दाखवताहेत.

पहिलं यंत्र चिमट्यासारखं, हातात धरून दाबायचं. वकीलबाईंना ते बघताक्षणी आवडलं. पर्समध्ये मावत होतं.

“हेच द्या,” त्या म्हणाल्या.

“यात पाच सेंटिमीटरचा साचा बसत नाही, बाई. चारच्या वर जबडा उघडत नाही.”

चारचा शिक्का कितीही गोड असला तरी नियमाला तो अर्धवटच. दुसरं यंत्र टेबलावर ठेवायचं, मधल्या आकाराचं. वकीलबाई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी घरूनच जाड कागद आणला होता. तो दुमडून त्यांनी यंत्रात घातला, दांडा दाबला. कागदावर पुसट गोल उमटला, कपानं टेबलावर उमटतो तसा, आणि अक्षरं म्हणाल तर मुंग्या चालत गेल्यासारखी.

“तिसरं बघू.”

तिसरं यंत्र शिक्केवाल्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि ठेवताना ‘हं’ असा आवाज केला. ओतीव लोखंडाचं, काळंकभिन्न, हातभर लांबीचा दांडा आणि समोर सिंहाचं तोंड. “दरबारी मॉडेल,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

बरोबर आलेल्या मिस्टरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. “हा दांडा बघ!” ते म्हणाले. “बोटानं दाबलास तरी उमटेल. आणि पक्षकार समोर बसला की त्याला कळलं पाहिजे, की खोटं बोललो तर हे डोक्यात पडू शकतं.”

“सिंह काढता येईल का?” वकीलबाईंनी विचारलं.

“सिंह ओतीव आहे, बाई. तो काढला तर दांडा निघतो.”

वकीलबाईंनी पुन्हा तोच कागद घातला. दांडा खटकन खाली गेला, आणि कागदावरचं नमुन्याचं अक्षर असं टपोरं वर आलं की मिटल्या डोळ्यांनी वाचावं. तेव्हा सिंहासकट घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी चिठ्ठीवर नाव, कार्यक्षेत्र, सगळं लिहून दिलं, ‘साधा’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि आल्या.

दोन दिवसांनी मिस्टर टॅक्सीतून ते यंत्र घेऊन आले. वरपर्यंत नेताना प्रत्येक मजल्यावर त्यांना ते खाली ठेवावं लागलं, आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. घरात पोचेपर्यंत यंत्राच्या मागे छोटी मिरवणूक जमली होती. जेवणाच्या टेबलावर ते ठेवल्याबरोबर टेबलानं एका बाजूला मान टाकली. त्यानंतर त्या घरात आमटी कायम ताटाच्या डाव्या अंगाला साचू लागली.

“दाबा, मॅडम, तुमच्याच शुभहस्ते,” सेक्रेटरी म्हणाले.

वकीलबाईंनी कोरा कागद घातला, दांडा दाबला आणि कागद उजेडाकडे तिरपा धरला. त्यांचं नाव ठसठशीत उठलं होतं. कार्यक्षेत्र उठलं होतं. आणि कडेनं, सुंदर गोलाईत, ‘नोकरी’.

सासूबाईंनी कागदावर बोट फिरवलं. “लागली बाई एकदाची,” त्या म्हणाल्या.

वकीलबाई तशाच उठून, तो साचा पिशवीत घालून, शिक्केवाल्यांकडे गेल्या. जाताना वाटेत त्यांनी नुकसानभरपाईच्या नोटिशीचा मजकूर मनातल्या मनात तयारही केला होता. चांगला जमला होता. पण शिक्केवाल्यांनी त्यांच्यासमोर त्यांचीच चिठ्ठी ठेवली आणि वर भिंग ठेवलं.

“यातला ट बघा, बाई. ट ला एकच पोट असतं. तुमच्या ट ला दोन्हीकडून पोट आलंय.”

वकीलबाईंनी बघितलं. तीस वर्षं कोर्टात त्या जे अक्षर न्यायाधीशांना वाचायला लावत होत्या, ते त्यांनी आज पहिल्यांदा स्वतः वाचलं. क होता. निर्विवाद क.

“पण नोकरी असा शिक्का कोण करून घेईल?” त्या म्हणाल्या.

“अहो, लोक काय काय करून घेतात,” शिक्केवाले म्हणाले. “मी विचारत नाही. पण तुमचा मान राखून दुसरा साचा लगेच करून देतो. असा देतो की बघत राहाल.”

हे ‘बघत राहाल’ ऐकून वकीलबाईंनी सावध व्हायला हवं होतं. पण अपमान झालेला माणूस लवकर घरी जायला बघतो.

दुसरा साचा आला तो दुपारी, वकीलबाई कोर्टात असताना. मिस्टरांनी तो यंत्रात बसवला, तेल दिलं, आणि इंजिनीअर माणसाप्रमाणे चाचणी घ्यायचं ठरवलं. चाचणी म्हटलं की निरनिराळ्या जाडीचे कागद आले. घरातले संपले तेव्हा मिस्टरांनी दार उघडलं.

संध्याकाळी वकीलबाई घरी आल्या, साचा बघितला, आणि खरोखरच बघत राहिल्या. ‘नोटरी’ बरोबर होतं. पण मध्ये तराजू होता. आणि सगळ्याभोवती पाकळ्यापाकळ्यांची वेलबुट्टी, सूर्यफुलासारखी.

“ही तर रांगोळी झाली!” त्या म्हणाल्या.

“त्यानं प्रेमानं दिलीय. वर काही घेतलं नाही,” मिस्टर म्हणाले. “आणि खोलपणा बघ ना काय आलाय.”

शुक्रवार चार दिवसांवर होता. कदाचित चालून जाईल, अशी आशा धरून वकीलबाई दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात गेल्या. शिक्का वापरण्याआधी त्याचा नमुना तिथल्या नोंदवहीत लावून घ्यावा लागे. नोंदवही हेडक्लार्कच्या ताब्यात असे. हेडक्लार्क हा शांत, सडसडीत गृहस्थ, आयुष्यात कशालाच कधी ‘हो’ न म्हटल्यामुळे चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज आलेला. त्यांनी नमुना बघितला. मग नियम काढला. मग पुन्हा नमुना बघितला.

“साधा,” ते म्हणाले.

“साधाच आहे.”

“मॅडम, हे फूल आहे.”

“ती कडा आहे.”

“कडेला पाकळ्या नसतात. शिवाय तराजू. नियमात तराजू नाही.” त्यांनी पट्टी काढून गोलाचं मापही घेतलं. “आणि फुलासकट मोजलं तर व्यास जास्त भरतो. फूल सोडून मोजलं तर कमी.” मग पट्टी खाली ठेवून ते सहज म्हणाले, “हा शिक्का कुठे वापरला तर नाही ना? नमुना नोंदवण्याआधी कुठे उमटलेला सापडला तर नेमणूक जाईल हं. तसा नियम आहे.”

“मी नाही वापरला,” वकीलबाई म्हणाल्या, आणि त्याच क्षणी त्यांना आदल्या दिवशी घरभर पसरलेले कागदाचे कपटे आठवले, आणि मिस्टरांच्या चेहऱ्यावरचं समाधान.

त्या घरी आल्या तेव्हा मिस्टर कालचाच पेपर वाचत होते. पेपरच्या वरच्या कोपऱ्यात सूर्यफूल होतं.

“काल किती कागदांवर दाबलंत?”

“चाचणीपुरतंच.”

“अहो, बाहेर कुठे?”

मिस्टरांनी पेपर खाली घेतला. “बाहेर असं नाही,” ते म्हणाले. “बिल्डिंगमध्येच.”

तो दिवस वकीलबाईंनी कसा काढला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. हातात कात्री आणि पिशवी घेऊन त्या दारोदार फिरल्या. मिस्टर मागून, मान खाली घालून, कुठलं दार ते दाखवायला. तळमजल्यावर शिकवणीवाल्या बाईंनी एका मुलाच्या गृहपाठावर शिक्का मारून घेतला होता, आणि आयुष्यात प्रथमच त्या मुलाचे वडील शिकवणीला येऊन नमस्कार करून गेले होते. त्यांनी वही दिली, पण जड मनानं. “तराजू शोभत होता हो,” म्हणाल्या.

सेक्रेटरींकडे गंभीर प्रकार होता. ‘गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या संध्याकाळी उचलाव्यात’ ही त्यांची सूचना फळ्यावर वर्षभर लागलेली होती आणि गाद्या वर्षभर गच्चीवर होत्या. काल तिच्यावर नोटरीचा शिक्का उमटला आणि रात्रीच्या आत गच्ची रिकामी झाली.

“मॅडम, वाटेल ते मागा, पण हा कागद मागू नका,” सेक्रेटरी फळ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. “दहा वर्षं मी या गाद्यांशी लढतोय!”

“बाजूला व्हा.”

“एक आठवडा तरी!”

“सेक्रेटरीसाहेब,” वकीलबाई म्हणाल्या, “माझी नेमणूक गेली तर वरच्या दोघांचा कागद होणार नाही. कागद झाला नाही तर ती मुलगी सुट्ट्यांनंतरपर्यंत तिथेच राहील. तुमच्या गाद्यांसाठी.”

सेक्रेटरींचे हात हळूहळू खाली आले. त्यांनी स्वतःच टाचण्या काढल्या.

दातांच्या डॉक्टरांकडे मात्र तिढा होता. डॉक्टरांच्या मिसेसनी त्यांच्याकडून ‘मी यापुढे घोरणार नाही’ असं लेखी घेतलं होतं, सहीनिशी, आणि खाली सूर्यफूल. मिसेस तो कागद सोडायला तयार नव्हत्या.

“रात्रभर झोप लागली हो मला काल,” त्या म्हणाल्या. “शिक्क्याच्या धाकानं हे जागेच होते.”

शेवटी तडजोड झाली. वकीलबाईंनी कात्रीनं फक्त शिक्का गोल कापून घेतला आणि मधोमध भोक पडलेलं वचन मिसेसच्या हाती राहिलं. डॉक्टरांनी त्या भोकातून वकीलबाईंकडे कृतज्ञतेनं बघितलं.

सगळ्यात उशीर लागला तो सासूबाईंच्या कागदाला. तो होता त्यांच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी औषधांच्या दुकानात. औषधवाल्यानं शिक्का बघून सासूबाईंना खुर्ची दिली होती, पाणी विचारलं होतं, आणि चिठ्ठी काचेखाली ठेवली होती. वकीलबाईंनी ती मागितली तेव्हा तो घाबरून म्हणाला, “काही चौकशी आहे का? मी बरोबर गोळ्या दिल्या.” त्याची समजूत घालेपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ झाली.

त्या रात्री वकीलबाईंनी सगळे गोल ताटात घेऊन जाळले. मिस्टर काडेपेटी धरून उभे होते.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“चुकलं,” वकीलबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “खोलपणा चांगला आला होता पण.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी वकीलबाई शिक्केवाल्यांच्या दारात हजर होत्या. बरोबर एका दाव्याचे कागद, चष्मा आणि पाण्याची बाटली.

“फूल नाही आवडलं?” शिक्केवाल्यांचा चेहरा उतरला.

“फूल सुंदर आहे. मला गोल हवाय. एक रेघ, आत अक्षरं, बस्स. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पाच. तराजू नाही, पाकळी नाही, ठिपका नाही.”

“परवा देतो.”

“मी इथे बसते.”

“बाई, वेळ लागेल.”

“मला कुठे जायचंय?” वकीलबाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून, काउंटरच्या कोपऱ्यावर कागद पसरून, दाव्याचं उत्तर लिहायला लागल्या. लिहिताना त्या प्रत्येक ट कडे संशयानं बघत होत्या. शिक्केवाले थोडा वेळ घुटमळले, मग यंत्राशी बसले. दोनदा त्यांचा हात कडेशी रेंगाळला, तेव्हा वकीलबाईंनी वर न बघता “अंहं” म्हटलं. दुपारी गिऱ्हाइकं आली, त्यांना वाटलं दुकानाला नवीन मॅनेजर ठेवलीय. दोघांनी पाट्यांचे दर विचारले. वकीलबाईंनी सांगितले, आणि जरा चढेच सांगितले.

संध्याकाळी साचा तयार झाला. इतका साधा की शिक्केवाल्यांना तो हातात देताना लाज वाटली. “मी केला म्हणून कुणाला सांगू नका,” ते म्हणाले.

गुरुवारी पुन्हा हेडक्लार्क. पट्टी, नियम, भिंग. व्यास बरोबर भरला. फूल सापडलं नाही. हेडक्लार्कच्या चेहऱ्यावर एक अस्वस्थता पसरली. त्यांना ‘हो’ म्हणायची वेळ येत होती.

“याची एक झेरॉक्स जोडा,” ते म्हणाले, आणि पुन्हा शांत झाले.

वकीलबाई खाली गेल्या, झेरॉक्स काढली. पांढराशुभ्र कागद निघाला. शाई नाही तर झेरॉक्समध्ये येणार काय? त्या तोच पांढरा कागद घेऊन वर आल्या.

“हा कोरा आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

“कोरा नाही. यात शिक्का आहे, पण तो दिसत नाही.”

“मॅडम, जे दिसत नाही त्याची नोंद मी घेतली, तर उद्या लोक माझ्याकडे काय काय घेऊन येतील?”

यावर दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा भांडली असती. वकीलबाईंच्या ओठांवर दोन्ही गोष्टी आल्या होत्या. पण डोळ्यांपुढे उंबऱ्याला ठेचकाळलेल्या चित्रकलेच्या बाई आल्या. त्यांनी हेडक्लार्कच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, मूळ नमुना घेतला, आणि लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून घासतात तशी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवली. अक्षरं एकेक करून वर यायला लागली. आधी कडेची रेघ, मग ‘नोटरी’, मग त्यांचं नाव.

हेडक्लार्क खुर्चीतून पुढे झुकले. “अरे वा,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “थांबा, थांबा. मला द्या.”

उरलेला अर्धा गोल त्यांनी घासला. जीभ किंचित बाहेर काढून. मग खिशातून नाणं काढून, त्यावर कागद ठेवून, तेही घासलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाई उठून बघायला आल्या. पेन्सिल केलेल्या नमुन्याची झेरॉक्स स्वच्छ आली, आणि ती नोंदवहीत चिकटवून हेडक्लार्कनी वळणदार अक्षरात ‘नोंदवला’ असं लिहिलं. शब्द लिहून झाल्यावर ते त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. बहुधा पहिलाच असावा.

शुक्रवारी सकाळी चित्रकलेच्या बाई आणि ग्रंथपाल खाली आले. दोघांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. मिस्टरांनी टेबलाच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सारला होता. सासूबाई खुर्ची ओढून पुढे बसल्या होत्या.

“यातलं सगळं वाचलंत? समजलं? खरं आहे?” वकीलबाईंनी विचारलं. आज त्यांचा आवाज वेगळाच लागला होता.

ग्रंथपाल काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं. शपथेवर सांगायचंय.”

ग्रंथपालांनी घसा खाकरला. “हो,” ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी न ऐकलेले सेक्रेटरी दाराबाहेर दचकले. “या मुलीला आम्ही आमची मुलगी म्हणून सांभाळू. खरं आहे.”

सह्या झाल्या. वकीलबाईंनी सही केली, कागद यंत्रात घातला. मिस्टरांचा हात नकळत दांड्याकडे गेला.

“हात लावू नका,” वकीलबाई म्हणाल्या. “हा मीच दाबायचा.”

प्रतिज्ञापत्राचा कागद जाड होता, दांडा अर्ध्यावर अडला. वकीलबाईंनी चप्पल काढली, चवड्यांवर उभ्या राहिल्या, कोपर सरळ केलं आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं सगळं वजन त्या सिंहाच्या डोक्यावर टाकलं. खट्कन आवाज झाला. कागद बाहेर काढून त्यांनी चित्रकलेच्या बाईंच्या हातात दिला. बाईंनी त्यावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग कागद पदराखाली धरून दोघं धावतच जिना उतरली.

समितीनं कागद बघितला की नाही, बघून बोट फिरवलं की नाही, ते वकीलबाईंना कळलं नाही, आणि त्याची त्यांना चार दिवस चुटपुट लागून राहिली. कागद मंजूर झाला, एवढंच ग्रंथपाल सांगून गेले. पुढच्या आठवड्यात मुलगी घरी आली.

त्यानंतर आठवड्यानं ती खाली आली तेव्हा वकीलबाई एकट्याच काम करत बसल्या होत्या. चित्रकलेच्या बाई दारातच थांबल्या. मुलगी आत आली, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तिनं यंत्राकडे बघितलं, सिंहाच्या तोंडात बोट घालून बघितलं, आणि दांडा धरला.

“हे मला दाबू दे.”

“नाही हं, बाळा,” वकीलबाई म्हणाल्या. लहान मुलालासुद्धा खोटं आश्वासन द्यायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. “आधी कागदावर सही लागते.”

मुलीनं टेबलावरची पेन्सिल घेतली आणि एका कोऱ्या कागदावर, श्वास रोखून, एक गोल काढला. त्याला दोन पाय काढले. “ही माझी सही.”

वकीलबाईंनी चष्मा सारखा केला. सही नीट बघितली. “सही ठीक आहे,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “पण मी तुला ओळखत नाही. नियम असा आहे, की सही करणाऱ्याला ओळखणारं कुणीतरी बरोबर लागतं. तुला ओळखणारं आहे का कुणी?”

मुलीनं जरा विचार केला. पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवली. मग मागे वळून दाराकडे बोट दाखवलं.

“ती. आई.”

चित्रकलेच्या बाईंनी दाराची चौकट धरली. आठवडाभर ती मुलगी त्यांना ‘अहो’ म्हणत होती.

वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. साक्षीदाराकडे बघावं तसं त्यांनी दाराकडे बघितलं, आणि कोर्टातला आवाज लावला.

“ओळख पटली,” त्या म्हणाल्या.